कुरणातली पाणंद

माणसं कुठून कुठे चालतात, जनावरं कोणत्या बाजूने पाण्यावर जातात, देवदर्शनाला आलेली गर्दी डोंगर कुठे तुडवते, हे बघून नकाशा काढून देणं हा माझा व्यवसाय आहे. बीडमध्ये कुणाला हे सांगितलं की त्याला आधी हसू येतं. माझ्या मेहुण्याने एकदा चारचौघांत विचारलं होतं, "म्हंजे लोकं चालतेत अन् तुमी बघता? अन् त्येचे पैसे भेटतेत?" भेटतात. गायरान, कुरण, गावतळं अशा ज्या जमिनीला एक मालक नसतो तिच्यावरून भांडणं होतात, आणि भांडण फार लांबलं की गावाला वाटतं, बाहेरच्या कुणीतरी येऊन रेघ ओढून द्यावी.

त्या वर्षी बालाघाटाच्या कडेच्या एका गावाने मला बोलावलं होतं. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. आजूबाजूचे डोंगर दगडासकट उघडे पडले होते, पण या गावाच्या डोक्यावरच्या डोंगरावर गुडघ्याएवढं मारवेल गवत उभं होतं. सीताफळीची झाडं होती. गावच्या सहकारी संस्थेने तो डोंगर बरीच वर्षं राखला होता. झाड तोडायचं नाही, जनावर आत सोडायचं नाही, ठरलेल्या दिवशी गवत कापायचं आणि डोक्यावरून घरी न्यायचं, असा नियम होता. दुष्काळात तेवढाच चारा गावाच्या हातात होता.

अडचण होती ती वरच्या देवीच्या ठाण्याची. मंगळवारी आणि पौर्णिमेला मोटरसायकली चहूबाजूंनी डोंगर चढायच्या. ज्याला जिथून सोपं वाटेल तिथून तो चाक घालायचा. गवत चेपायचं, माती सुटायची, आणि नारळाच्या शेंड्या, प्लास्टिकचे ग्लास उतारावर पडून राहायचे. भाविकांसाठी एकच वाट ठेवावी आणि बाकीच्या बंद कराव्यात, असं संस्थेचं म्हणणं होतं. संस्थेचे अध्यक्ष मोठे बागायतदार होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. बोलायला करडे, पण त्यांच्या हट्टामुळे डोंगर टिकला हे मी पहिल्या दिवशी मान्य केलं आणि आजही करतो.

मी पाहणी थंडीत केली. थंडीत चालायला बरं वाटतं, याखेरीज दुसरं कारण नव्हतं. सोबत संस्थेचा राखणदार असायचा. त्याला लहानथोर सगळे मामा म्हणत. डोंगराच्या मागच्या अंगाला एक वाट होती. गावामागच्या वस्तीवरून निघून, खिंडीतून उतरून ती पलीकडच्या पाझर तलावाकडे जायची. तिच्यावर गवत आलं होतं. आम्ही बरेच दिवस तिथे बसून पाहिलं. माणूस गेला नाही, जनावर गेलं नाही. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "बंद करा की सायेब. जितक्या वाटा कमी तितक्या माझ्या शिव्या कमी." मी नकाशावर त्या वाटेला तुटक रेघ दिली आणि शेजारी लिहिलं, वापर नाही.

आता यातली लाजेची गोष्ट सांगतो. मी स्वतः ऊसतोडीच्या टायरगाडीवाल्याचा मुलगा आहे. दिवाळी झाली की आमच्या वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरायची. मला वसतिगृहात ठेवून आईवडील बैलं घेऊन कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. अर्धा गाव थंडीत घरी नसतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरीही, त्या वाटेवर गवत दिसलं तेव्हा या वाटेचे लोक आत्ता ऊस तोडत असतील हे माझ्या मनात आलं नाही. कदाचित आलंही असेल. वाट कमी झाली तर आराखडा सुटसुटीत होत होता, आणि सुटसुटीत आराखडा मला आवडतो.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला. हजर असलेल्या सगळ्यांनी हात वर केले. मला शाल आणि नारळ दिला. पुढच्या काही आठवड्यांत मागच्या वाटेच्या तोंडावर छातीएवढी दगडी भिंत उभी राहिली आणि वर बाभळीचे काटे पडले.

फाल्गुनात मी दुसऱ्या कामावरून परत येत होतो. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. धाब्यासमोर एक ट्रक उभा होता. आत बैलं, टपावर सुट्या केलेल्या गाड्या, चिपाडं, पत्र्याच्या पेट्या, खुराड्यात कोंबड्या. एक बाई कॅन घेऊन पाण्यासाठी उतरली होती. माझ्याच वयाची असेल. ऊसतोडीचे लोक एवढ्या लवकर परतलेले पाहून मी विचारलं, "इतक्यात आलात?"

"पट्टा पडला ना. उसच न्हाई तर तोडावं काय?"

कारखाना बंद झाला, असा त्याचा अर्थ. दुष्काळात ऊस वाळून गेला होता. मी गाव विचारलं. तिने त्याच गावाचं नाव घेतलं आणि मी तिथे जातो हे कळल्यावर हातातला कॅन खाली ठेवला.

"मंग मला एक सांगा. मागल्या तळ्यात पानी हाय का काई?"

"आहे. थोडं आहे."

"झालं मंग. बैलं जगली." ती ट्रककडे वळून ओरडली, "आवो, तळ्यात पानी हाय म्हंतेत."

बैलांच्या मधून तिच्या नवऱ्याचं डोकं वर आलं. "कोण म्हंतंय?"

"हे सायेब."

"सायेब लोकायला काय ठावं तळं," तो म्हणाला आणि पुन्हा खाली वाकला. ट्रकमधली माणसं हसली. मीही हसलो. ट्रक निघून गेला तोवर मी भिंतीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. डोंगराच्या मागच्या अंगाला पोहोचलो तेव्हा भिंतीपाशी ती दोघं उभी होती, सोबत त्यांची खिलारी जोडी. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या, खुरांना ठोकलेल्या पत्र्या झिजून पातळ झाल्या होत्या. भिंतीच्या वरच्या बाजूला मामा काठी धरून उभा.

"माझ्याकडं बघू नका, वैनी," मामा सांगत होता. "गावाचा ठराव हाय."

"गावाचा म्हंजे कुणाचा बे?" नवरा म्हणाला. "आमी काय परगावचे हाव?"

तेवढ्यात बाईने मला पाहिलं. "हेच ते. काल पानी हाय म्हनले, भित हाय म्हनले न्हाई. कावून हो सायेब?"

"धीर झाला नाही, ताई."

"भित बांधायला बरा झाला."

मामा मान फिरवून खोकला. मी तिला सांगितलं की हा नकाशा माझा आहे, भिंत माझ्या सांगण्यावरून झाली. बैलांची दावी नवऱ्याच्या हातात देऊन ती भिंतीजवळच्या दगडावर बसली आणि मग शांतपणे, मला नव्हे तर भिंतीला सांगावं तशी बोलू लागली. डांबरी सडकेने वळसा घालून तळ्यावर जायचं तर उन्हात सगळी सकाळ जाते. झिजलेल्या खुरांनी बैलं दोन-चार दिवस जातील, मग बसतील. टँकरचं पाणी माणसांना पुरत नाही, तिथे बैलांना कोण देतो? कालच संध्याकाळी व्यापारी येऊन बैलांचे दात बघून गेला होता. बैलं गेली की गाडी गेली, आणि गाडी गेली की पुढच्या हंगामात डोक्यावर मोळ्या वाहायच्या. "ह्येंची पाठ आता तशी ऱ्हायली न्हाई," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

ती जोडी जगवायची होती. माझ्यापुढे दुसरं काहीच नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं की ही वाट उघडल्याशिवाय या गावातून हलायचं नाही. बायकोला फोन करून सांगितलं, काही दिवस इथेच आहे. तिने विचारलं, "काम वाढलं का?" मी म्हणालो, "काम चुकलं."

आबा ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठराव झालाय," ते म्हणाले.

"तेव्हा लोक घरी नव्हते, आबा."

"लोक कवाच घरी नसतेत. कुणीतरी घरी बसून राखला म्हणून डोंगर हाय. तुमी बैल कवा राखलेत का?"

"राखलेत. माझे वडील गाडीवान होते."

त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. "मंग तर तुमाला ठावंच हाय. पान्याला म्हणून बैल आत जातो अन् गवतावर तोंड टाकतो. त्याच्या मागून शेळ्या. शेळ्याच्या मागून फटफटी. पोळ्यापर्यंत डोंगराची टाळू दिसंल. मंग ह्याच लोकायच्या बैलाला मी कुठून गवत देऊ?"

त्यांचं खोटं नव्हतं. वाट नुसती उघडून दिली असती तर मी एक चूक मिटवून दुसरी केली असती. मी म्हणालो, पाणंद करू. शेताशेतांमधून जशी बांधाबांधाची पाणंद असते तशी कुरणातून. दोन्ही बाजूंना छातीएवढा दगडी बांध, मधून एक बैलजोडी जाईल एवढीच जागा. गवतावर तोंड पोचणार नाही. आणि दोन्ही तोंडांना गुडघ्याएवढा दगडी उंबरा. बैल पाय उचलून ओलांडेल, मोटरसायकल ओलांडणार नाही.

आबांनी पान जमवलं. "आधी दोनी बांध पुरे व्हायचे. मंग तोंड उघडायचं. उलटं न्हाई. अन् ठराव गावाचा हाय, तर गावापुढं उभं ऱ्हाऊन तुमीच सांगायचं, काय चुकलं ते."

विशेष ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. या वेळी पार कमी पडला, लोक समोरच्या रस्त्यावर बसले. मी उभा राहिलो. भाषण केलं नाही. मी म्हणालो, मी थंडीत आलो, तुम्ही नव्हता, तुम्ही नाही म्हणून मी वाट नाही असं लिहिलं. मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतं. भिंत चुकीच्या जागी आहे.

मग मागून एक आवाज आला, "मंग शाल वापस करा!" सगळा पार हसला.

"शाल ऱ्हाऊ द्या," तीच बाई उठली. "आधी भित काढा. शालीनं बैलाची तहान भागत न्हाई."

एका म्हाताऱ्याने विचारलं, बांध घातले तरी एखाद्याचा बैल गवतात शिरला तर काय? दंड बसवा, असं कुणी म्हणालं आणि गलका झाला. ती बाई खाली बसली नव्हती. ती म्हणाली, "दंड नगं. ज्याचा बैल शिरंल त्यानं मामासंगं दिवसभर राखन करायची. उन्हात. मामाच्या गोष्टी ऐकत."

"माझ्या गोष्टी काय वंगाळ हायत का?" मामा दुखावून म्हणाला.

"एकच हाय ती. रानडुकराची."

आबाही हसले. हसता हसता त्यांनी हात वर केला आणि मग बाकीचे हात वर गेले. मी हात मोजले नाहीत. थंडीतल्या सभेपेक्षा ते पुष्कळ होते एवढं दिसत होतं.

बांधाचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. ऊसतोडीहून आलेली माणसं अजून पेट्याही न उघडता आली होती. दगड डोंगरातच होते, पण ते खणून, ओढून, एकावर एक बसवायचे होते. पहिल्या दिवशी मी दोरी आणि टेप घेऊन रेषा दाखवत फिरलो. दुपारी ती बाई डोक्यावरचा दगड उतरवत म्हणाली, "सायेब, रेघ दिसली आमाला. आता दगड उचला." तेव्हापासून मी दगड उचलले. हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. संध्याकाळी मामाच्या झोपडीत भाकरी खायचो आणि रानडुकराची गोष्ट ऐकायचो. खरंच एकच होती.

तोवर बैलांना सडकेनेच न्यावं लागत होतं. उजाडायच्या आत माणसं निघायची, परत येऊन दगडाला लागायची. एक बैल सडकेवर बसला तो दोन माणसांनी शेपटी पिळूनही उठेना. वस्तीतल्या एका गाडीवानाने चौथ्या की पाचव्या दिवशी जोडी विकली. व्यापाऱ्याचा टेम्पो वस्तीतून गेला तेव्हा सगळ्यांचे हात थांबले होते. तो गाडीवान थोड्या वेळाने कामावर आला आणि दगड लावू लागला. मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "सायेब, हा कोन्याचा दगड हालतोय, बारकी चीप द्या." मी चीप दिली.

त्याच संध्याकाळी मी आबांकडे गेलो. म्हणालो, उरलेला बांध होईपर्यंत तोंड उघडा, मी स्वतः रोज दोन्ही वेळा बैलांबरोबर चालतो. आबांनी नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "शब्द बांधाचा हाय. मी मोडला तर उद्या समदे मोडतील." मी रागाने बाहेर पडलो. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पण त्या गाडीवानाची जोडी परत आली नाही, आणि त्याचा दोष आबांच्या नव्हे, माझ्या बाजूला जातो. तो मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा त्यांच्या सालगड्यांना आणि ट्रॅक्टरला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि ट्रॉलीतून दगड उतरवायला लागले. त्यानंतर काम झपाट्याने झालं.

भिंत काढायच्या दिवशी वस्ती सगळी जमली होती. काटे बाजूला ओढले, वरचे दगड उतरवले, खाली गुडघ्याएवढा उंबरा तेवढा ठेवला. मामाला उंबरा मुळीच पटला नव्हता. "बैल म्हंजे काय पोलीस भरतीचा पोरगा हाय का उडी मारायला?" तो सगळ्यांना विचारत होता. बाईच्या नवऱ्याने जोडी पुढे घेतली. डावा बैल उंबऱ्यापाशी आला, वास घेतला आणि मागे सरला. पुन्हा आणला, पुन्हा मागे. मामा माझ्याकडे बघून मान हलवू लागला. मग नवऱ्याने कासरा सैल सोडला, उंबरा ओलांडून पलीकडे जाऊन बसला आणि बैलाकडे पाठ करून तंबाखू मळायला लागला. थोड्या वेळाने बैलाने एक पाय उचलला. मग दुसरा. उजवा त्याच्या मागून आला.

"पोलिसात घेतला," बाई मामाला म्हणाली.

पाणंदीतून आम्ही सगळे त्यांच्या मागे चाललो. दोन्ही बाजूंनी बांधावरून गवताची टोकं दिसत होती. बैलांनी माना वळवल्या, पण तोंड पोचलं नाही. खिंड ओलांडल्यावर पाण्याचा वास लागला आणि ते आपणहून भराभर उतरायला लागले. तलावात पाणी उरलं होतं ते मधल्या खड्ड्यात, भोवती भेगा पडलेला गाळ. बैलं पोटापर्यंत आत शिरली. बाईने लुगड्याचा काष्टा आवळला, आत जाऊन दोघांच्या पाठीवर ओंजळीने पाणी टाकलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला नुसतं उभं राहिलेलं पाहिलं.

त्यानंतर मी कुठल्याही गावाची पाहणी एका ऋतूवर पुरी केलेली नाही. गाव घरी असेल तेव्हा एकदा जायचं, नसेल तेव्हा एकदा. काही कामं यामुळे हातची गेली. घाईत असलेल्यांना सांगतो, दुसरा माणूस बघा.

पण त्या दिवशी हे कुठलेच विचार मनात नव्हते. जोडी विकलेला गाडीवान तळ्याच्या काठी माझ्या शेजारी उभा होता. सगळ्यांच्या हातात दावी होती, त्याच्या हातात काही नव्हतं. दुसऱ्यांची बैलं पाणी पिताना तो बराच वेळ बघत होता. मी म्हणालो, "तुमची जोडी गेली ती माझ्यामुळं."

"हां," तो म्हणाला. त्याने ते नाकारलं नाही, आणि बरं केलं.

मग तो चढावाकडे बघून म्हणाला, "त्या वळनावरचा बांध बराबर बसला न्हाई. पहिल्या पावसात ढासळंल."

"आज राहू द्या. तुमची तर बैलंच—"

"पुढं जोडी घेतली तर रस्ता नगं का?" तो म्हणाला आणि चढायला लागला.

मी चपला काठावर काढून ठेवल्या होत्या. त्या पायात सरकवल्या आणि त्याच्या मागे निघालो. वळणावर पोचलो तोवर त्याने वरचे चार दगड उतरवून बाजूला लावले होते आणि पायाचा मोठा दगड हलवायला तो एकटा पुरत नव्हता. मी खाली बसून दुसऱ्या बाजूने हात घातला.